उघडी जमीन, न गोठणारे पाणी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ध्रुवीय प्रदेशांविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांतील बरीचशी पत्रे या वेळी एकाच शंकेभोवती फिरतात : जेथे सर्वत्र बर्फच असणार असे आपण गृहीत धरतो, तेथे काही जमीन आणि काही पाणी बर्फाविना कसे राहते? त्यामुळे या महिन्याचे सदर याच विषयाला दिले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि काही पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमच्या भूगोलाच्या पुस्तकात अंटार्क्टिका खंड बर्फाने झाकलेला आहे असे दिले आहे. पण ‘मैत्री’ या भारतीय केंद्राच्या छायाचित्रात तपकिरी खडक आणि शेजारी निळे तळे दिसते. पुस्तक चुकले आहे, की छायाचित्र दुसरीकडचे आहे? (इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, बारामती)

उत्तर : पुस्तक बरोबर आहे आणि छायाचित्रही तेथलेच आहे. अंटार्क्टिकाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर आहे आणि त्यातील एक टक्क्याहूनही कमी जमीन उघडी आहे. तू पाहिलेले छायाचित्र या अत्यल्प भागातील आहे. ‘मैत्री’ ज्या ठिकाणी उभे आहे त्याला शिर्माकर ओअॅसिस म्हणतात. सुमारे ७१ अंश दक्षिण अक्षांशाजवळ, पूर्व-पश्चिम पसरलेला हा बुटक्या खडकाळ टेकड्यांचा पट्टा जेमतेम ३५ चौरस किलोमीटरचा आहे. त्याच्या दक्षिणेला खंडाचा अफाट हिमस्तर आहे आणि उत्तरेला समुद्रावर तरंगणारी बर्फाची जाड लादी पसरलेली आहे, जी ओलांडून खुल्या समुद्रापर्यंत जायला शंभरेक किलोमीटर अंतर कापावे लागते. एका जर्मन मोहिमेने १९३९ च्या आरंभी विमानातून या भागाची पाहणी केली आणि त्या मोहिमेतील वैमानिकाचे नाव या जागेला मिळाले.

ही जमीन उघडी आहे म्हणजे ती उबदार असली पाहिजे, असे कोणालाही वाटेल. तसे नाही. तेथे जमिनीतून वाफा निघत नाहीत, उष्ण झरे नाहीत, ज्वालामुखीही नाही. हिवाळ्यात तापमान उणे ३० अंशांच्या खाली जाते आणि सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. या थंडीतही जमीन उघडी राहते याचे कारण तेथील बर्फाच्या जमाखर्चात आहे. एखाद्या ठिकाणी वर्षभरात जितका बर्फ पडतो आणि आजूबाजूने सरकत येतो, त्याहून जास्त बर्फ तेथून नाहीसा होत असेल, तर थंडी कितीही असली तरी त्या ठिकाणी बर्फ साठू शकत नाही.

आता हा जमाखर्च शिर्माकरमध्ये कसा जुळतो ते पाहू. हिमस्तर स्थिर नसतो. तो स्वतःच्या वजनाने खंडाच्या मध्यापासून किनाऱ्याकडे अतिशय मंद गतीने वाहत असतो. वाटेत खडकाचा उंचवटा आला की त्याचा बराचसा प्रवाह दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे जातो. म्हणजे आवक कमी झाली. खर्चाची बाजू वाऱ्याकडे आहे. खंडाच्या अंतर्भागात हिमस्तराची उंची ३,००० मीटरच्या पुढे जाते. तेथील अतिथंड आणि म्हणून जड झालेली हवा उतारावरून खाली घसरत किनाऱ्याकडे येते. खाली येताना हवेवरचा दाब वाढतो, त्यामुळे दर १०० मीटरला ती साधारण एक अंशाने तापते आणि तापली की तिची बाष्प सामावून घेण्याची क्षमता वाढते. अशी कोरडी, वेगवान हवा खडकावरचा भुसभुशीत बर्फ उडवून नेते आणि उरलेल्या बर्फाचे, तो न वितळताच, थेट वाफेत रूपांतर करते. विज्ञानाच्या पुस्तकात तू ‘संप्लवन’ हा शब्द वाचला असशील. कापराच्या वडीचे उदाहरण देऊन जे शिकवले जाते, ते येथे मैलोन्‌मैल पसरलेल्या बर्फावर वर्षभर चालू असते.

एकदा खडक उघडा पडला की पुढचे काम ऊन करते. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकतो, तर गडद खडक बहुतेक सगळा प्रकाश शोषून घेतो. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीत, हवा शून्य अंशाच्या आसपास असतानाही खडकाचा पृष्ठभाग त्याहून बराच गरम होतो आणि शेजारचा बर्फ वितळू लागतो. त्या पाण्याने खोलगट जागा भरतात. शिर्माकरमध्ये अशी शंभराहून अधिक तळी आहेत. छायाचित्रातील निळे पाणी बहुधा ‘मैत्री’शेजारच्या प्रियदर्शिनी तळ्याचे असावे, केंद्राला पिण्याचे पाणी तेथूनच मिळते. हिवाळ्यात त्यावर बर्फाचा जाड थर धरतो, पण तळाकडचे पाणी पाणीच राहते, आणि म्हणूनच वर्षभर माणसांना तेथे राहता येते.

प्रश्न : भारताचे पहिले केंद्र ‘दक्षिण गंगोत्री’ होते. ते सोडून ‘मैत्री’ का बांधावे लागले? (निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे)

उत्तर : आपण स्थापत्य क्षेत्रातील असल्यामुळे याचे उत्तर पायाभरणीच्या भाषेत देता येईल. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. पुढे १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ उभे राहिले, पण ते समुद्रावर तरंगणाऱ्या हिमलादीवर. अशा लादीवर दर वर्षी पडणारा बर्फ वितळून जात नाही; तो थरावर थर साचत राहतो. इमारत आहे तेथेच असते, पण तिच्या भोवतीची जमीन वर वर येत जाते. उबदार इमारतीच्या आडोशाला वाऱ्याने आणलेला बर्फ आणखी जास्त साचतो. त्यात भर म्हणजे संपूर्ण लादी समुद्राच्या दिशेने सरकत असते, तिच्या कडेचे तुकडे हिमनग म्हणून तुटत असतात. सुमारे सहा वर्षांत ‘दक्षिण गंगोत्री’ बर्फात गाडले गेले आणि १९९० च्या सुमारास वापरातून काढावे लागले.

या अनुभवानंतर कायमचे केंद्र खडकावरच असावे हे स्पष्ट झाले. ‘मैत्री’ १९८९ मध्ये शिर्माकरच्या खडकावर, जमिनीपासून उंच खांबांवर उभारले गेले, जेणेकरून वाऱ्याने येणारा बर्फ इमारतीखालून निघून जावा. त्याचे नियोजित आयुष्य दहा वर्षांच्या आसपासचे होते, पण ते तीन दशकांहून अधिक काळ वापरात राहिले. खडकावर पाया असल्याचा याहून वेगळा पुरावा देण्याची गरज नाही. ‘भारती’ हे दुसरे केंद्र २०१२ मध्ये सुरू झाले, तेही लार्समान टेकड्यांच्या उघड्या खडकावर, ‘मैत्री’पासून सुमारे ३,००० किलोमीटर पूर्वेला. मालवाहतुकीच्या १३४ कंटेनरांची जुळणी करून ते बांधले आहे. या सर्व मोहिमांचे नियोजन वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून होते; गोव्याला जाणाऱ्या वाचकांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवतो.

प्रश्न : आमच्या पेण-उरण भागात मिठागरे आहेत. अंटार्क्टिकात इतकी खारट तळी आहेत की ती कधीच गोठत नाहीत, असे वाचले. समुद्रापासून दूर, बर्फाच्या मुलखात इतके मीठ आले कोठून? (मीठ उत्पादक कुटुंबातील वाचक, पेण)

उत्तर : आपण ज्या प्रक्रियेवर उपजीविका केलीत, तीच प्रक्रिया तेथे हजारो वर्षे चालली आहे. मिठागराच्या कोंड्यात भरतीचे पाणी घेऊन बांध बंद केला की ऊन आणि वारा पाणी नेतात आणि मीठ मागे राहते. पूर्व अंटार्क्टिकातील वेस्टफोल्ड टेकड्यांत निसर्गानेच बांध घातला. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचे ओझे उतरल्यावर दबलेली जमीन हळूहळू वर उचलली गेली, समुद्राचे काही फाटे आत अडकले आणि त्यांचे तळ्यांत रूपांतर झाले. तेथील कोरड्या हवेत पाणी उडत राहिले. या तळ्यांपैकी ‘डीप लेक’ सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याची पातळी आज समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ५० मीटर खाली आहे आणि त्याचे पाणी समुद्राच्या पाण्याच्या आठ ते दहा पट खारट आहे. हिवाळ्यात त्याचे तापमान उणे २० अंशांच्या आसपास येते, तरी त्यावर बर्फ धरत नाही. ऑस्ट्रेलियाचे डेव्हिस केंद्र, जे १९५७ मध्ये सुरू झाले, याच टेकड्यांत असल्यामुळे या तळ्यांचा अभ्यास दीर्घकाळ होत आला आहे.

गोठणे म्हणजे पाण्याच्या कणांनी एका ठरावीक रचनेत जुळून बसणे. पाण्यात विरघळलेले मीठ या जुळणीच्या आड येते. त्यामुळे गोडे पाणी शून्य अंशाला गोठते, समुद्राचे पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठते आणि मीठ जसजसे वाढेल तसतसा गोठणबिंदू आणखी खाली जातो. साध्या मिठाने तो उणे २१ अंशांपर्यंत नेता येतो. त्याच्याही खाली जायचे असेल तर वेगळे क्षार लागतात, आणि तेही अंटार्क्टिकात आहेत. खंडाच्या दुसऱ्या बाजूला, मॅकमर्डो परिसरातील कोरड्या दऱ्यांमध्ये ‘डॉन वान’ नावाचे एक डबके आहे. १९६१ मध्ये हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना ते दिसले. त्याची खोली जेमतेम घोट्याएवढी, पण त्यात प्रामुख्याने कॅल्शियम क्लोराइड इतक्या प्रमाणात आहे की उणे ५० अंशांतही ते पातळ राहते. हा क्षार हवेतील दमट अंश स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे अतिशय कोरड्या प्रदेशातही हे डबके पूर्ण आटत नाही.

या कोरड्या दऱ्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण अंटार्क्टिकातील बर्फमुक्त जमिनीचा हा सर्वांत मोठा सलग प्रदेश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर आहे. आडव्या पसरलेल्या पर्वतरांगेने खंडातला हिमस्तर मागे अडवून धरला आहे आणि जो थोडा बर्फ पडतो तो वारा उरू देत नाही. ब्रिटिश ध्रुवसंशोधक रॉबर्ट स्कॉट यांच्या तुकडीला डिसेंबर १९०३ मध्ये यांतील एक दरी प्रथम दिसली. तेथे वाट चुकून समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत आलेल्या आणि तेथेच मेलेल्या सीलांची वाळलेली कलेवरे शतकानुशतके न कुजता पडून आहेत. याच भागात ऑनिक्स नावाची नदी आहे. अंटार्क्टिकातील ही सर्वांत लांब नदी सुमारे ३० किलोमीटरची आहे, उन्हाळ्याचे काही आठवडेच वाहते, आणि आपल्या समजुतीच्या उलट, समुद्राकडे न जाता समुद्राच्या बाजूच्या हिमनदीपासून निघून खंडाच्या आत वान्दा सरोवराला मिळते.

मला स्वतःला या सर्व जलाशयांत वान्दा सरोवर सर्वांत विलक्षण वाटते. त्यावर तीन-चार मीटर जाडीचा बर्फ कायम असतो आणि तळाशी, सुमारे ७० मीटर खोलीवर, पाण्याचे तापमान २० अंशांहून बरेच वर, जवळजवळ २५ अंश असते. तेथेही ज्वालामुखी नाही. तळाचे पाणी अतिशय खारट आणि म्हणून जड असल्यामुळे, तापले तरी ते वर येऊ शकत नाही. स्वच्छ बर्फातून आणि स्वच्छ पाण्यातून खाली पोहोचलेली उन्हाची ऊब तेथेच कोंडून राहते आणि वर्षानुवर्षे साठत जाते.

प्रश्न : माझा मुलगा मालवाहू जहाजावर आहे. जानेवारीत रशियातील मुर्मान्स्क बंदरात पाणी मोकळे होते, पण त्याआधी व्लादिवोस्तोकला बर्फ फोडणाऱ्या जहाजाच्या मागून आत जावे लागले, असे तो सांगतो. नकाशात पाहिले तर मुर्मान्स्क कितीतरी उत्तरेला आहे. हे उलट कसे? (गृहिणी, वेंगुर्ला)

उत्तर : आपण नकाशा उघडून पाहिलात म्हणून हा प्रश्न पडला. मुर्मान्स्क जवळजवळ ६९ अंश उत्तर अक्षांशावर, उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे आहे. व्लादिवोस्तोक ४३ अंशांवर, म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या रेषेत आहे. याहून लक्षात घेण्यासारखे म्हणजे जानेवारीत दोन्ही शहरांतील हवेचे सरासरी तापमान जवळपास सारखेच, उणे १० ते उणे १२ अंशांच्या आसपास असते. म्हणजे फरक हवेत नाही. तो पाण्यात आहे.

अटलांटिक महासागरातून उबदार आणि खारट पाण्याचा एक प्रवाह ईशान्येकडे येतो, नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून वर चढतो आणि त्याची एक शाखा नॉर्वेच्या उत्तर टोकाला वळसा घालून बॅरेंट्स समुद्रात शिरते. मुर्मान्स्कची खाडी या शाखेच्या वाटेवर आहे. पाण्यात उष्णता धरून ठेवण्याची क्षमता हवेच्या मानाने प्रचंड असते, त्यामुळे हजारो किलोमीटर प्रवास करूनही या प्रवाहात समुद्र गोठू न देण्याइतकी ऊब शिल्लक राहते. व्लादिवोस्तोकची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तेथे हिवाळाभर सायबेरियाच्या अंतर्भागातून कोरडे, बोचरे वारे समुद्राकडे वाहतात, किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाह उत्तरेकडून थंड पाणी आणतो, आणि उपसागर उथळ असून त्यात नदीचे गोडे पाणी मिसळते.

खोली आणि खारटपणा यांचे महत्त्व येथे सांगितले पाहिजे. गोड्या पाण्याचे तळे थंड होऊ लागले की पाणी चार अंशांपर्यंत जड होत खाली जाते. त्यानंतर मात्र ते हलके होऊ लागते, वरच राहते आणि लवकर गोठते. समुद्राचे पाणी पुरेसे खारट असेल तर ते गोठेपर्यंत जड होतच जाते. वरचा थंड थर खाली बुडतो आणि खालचे कमी थंड पाणी वर येते. त्यामुळे खोल, खारट समुद्राचा पृष्ठभाग गोठवायचा तर खालचा बराच मोठा थर आधी थंड करावा लागतो. उथळ आणि गोडसर उपसागराला हे संरक्षण नसते.

या एका मोकळ्या खाडीने इतिहासही घडवला आहे. पहिल्या महायुद्धात रशियाला मित्रराष्ट्रांकडून येणारी सामग्री उतरवण्यासाठी बारमाही बंदर हवे होते. श्वेत समुद्रावरचे अर्खांगेल्स्क हिवाळ्यात गोठत असे. म्हणून कोला खाडीपर्यंत रेल्वे नेण्यात आली आणि १९१६ मध्ये मुर्मान्स्क शहर वसले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, ब्रिटन आणि आइसलँडकडून निघालेले जहाजांचे तांडे याच बंदरांकडे रसद नेत होते आणि त्यात अनेक खलाशी प्राणांना मुकले. दर्यावर्दी घरातील व्यक्तीला त्या खलाशांविषयी वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

भारताचाही या उबदार अटलांटिक प्रवाहाशी संबंध आहे. स्वालबार्ड बेटांवरील न्यू-ओलेसुंड येथे, ७९ अंश उत्तरेला, २००८ पासून ‘हिमाद्री’ हे आपले आर्क्टिक केंद्र आहे. त्याच्या समोरच्या कॉंग्सफ्योर्डमध्ये (फ्योर्ड म्हणजे जमिनीत खोलवर घुसलेली लांब, अरुंद खाडी) याच अटलांटिक पाण्याची एक शाखा पोहोचते. तेथे २०१४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी पाण्याखाली ‘इंडआर्क’ ही निरीक्षण यंत्रणा सोडली आणि ती पाण्याचे तापमान व खारटपणा नोंदवत राहिली. पूर्वी हिवाळ्यात गोठणारा या फ्योर्डचा बराच भाग गेल्या काही दशकांत अनेक हिवाळे मोकळा राहिला आहे. तेथून मिळणाऱ्या नोंदींचा उपयोग आपल्या मोसमी पावसाशी आर्क्टिकचा काय संबंध आहे हे तपासण्यासाठीही केला जातो.

प्रश्न : गोठलेल्या समुद्राच्या मधोमध मोकळ्या पाण्याचे मोठे ‘भगदाड’ पडते, हे खरे का? (पदव्युत्तर विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : खरे आहे. त्याला ‘पोलिन्या’ म्हणतात आणि त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात किनाऱ्याकडून येणारा जोरदार वारा नव्याने धरलेला बर्फ सतत दूर ढकलत राहतो. पाणी पुन्हा गोठते, वारा पुन्हा तो बर्फ हटवतो. असे क्षेत्र मोकळे दिसत असले तरी प्रत्यक्षात ते सर्वाधिक बर्फ तयार करणारे क्षेत्र असते. गोठताना मीठ मागे राहत असल्यामुळे तेथील पाणी अतिखारट आणि जड होऊन तळाशी जाते. अंटार्क्टिकाभोवतीचे हेच जड पाणी जगातील महासागरांच्या तळाशी पसरत उत्तरेपर्यंत जाते. दुसऱ्या प्रकारात खोलवरचे तुलनेने उबदार पाणी वर येऊन बर्फ धरूच देत नाही.

दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत मोठे ज्ञात उदाहरण अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रातील आहे. १९७४ ते १९७६ असे सलग तीन हिवाळे तेथे सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर पाणी मोकळे होते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे, त्यावरून आकाराची कल्पना येईल. ध्रुवीय रात्रीच्या अंधारातही सूक्ष्मलहरी टिपणाऱ्या उपग्रहामुळे ते कळले. ती उपकरणे नुकतीच आली नसती तर कदाचित कोणाला पत्ताही लागला नसता. त्यानंतर चार दशके तेवढे मोठे भगदाड पडले नाही. २०१७ मध्ये समुद्रातल्या मॉड राइज या बुडालेल्या उंचवट्याजवळ पुन्हा एक, पण बरेच लहान, पोलिन्या दिसले.

उत्तरेला ग्रीनलँड आणि एल्समेअर बेट यांच्यामधील पोलिन्या तर इनुइट या आर्क्टिकमधील मूळ रहिवाशांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जगण्याचा आधार आहे. उत्तरेकडून वाहत येणारा बर्फ अरुंद सामुद्रधुनीत कमानीसारखा अडकतो आणि कमानीच्या दक्षिणेला पाणी मोकळे राहते. नारव्हाल व बेलुगा हे देवमासे, वॉलरस आणि कोट्यवधी लिटल ऑक पक्षी त्या पाण्यावर जगतात. अलीकडच्या काळात ही कमान काही वर्षे धरतच नाही, आणि ती न धरल्यास वरचा बर्फ थेट खाली वाहत येतो. म्हणजे बर्फ कमी टिकू लागला की मोकळे पाणी भरवशाचे राहत नाही. हा मुद्दा सहसा लक्षात घेतला जात नाही.

प्रश्न : अशा उघड्या खडकावर जिवंत असे काही असते का? (शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : असते, आणि जवळजवळ सर्व तेथेच असते. शेवाळ, आपण मसाल्यात वापरतो त्या वर्गातील दगडफूल, तळ्यांच्या तळाशी नीलहरित जीवाणूंचे गालिचे, ओलसर मातीत सूक्ष्म कृमी आणि टार्डिग्रेड हे आठ पायांचे सूक्ष्म प्राणी यांना बर्फावर जागा नाही. स्कुआ आणि स्नो पेट्रेल हे पक्षी घरट्यांसाठी उघडी खडकाळ जमीन शोधतात. अ‍ॅडेली पेंग्विनलाही अंडी घालण्यासाठी खडे लागतात. कोरड्या दऱ्यांत तर जीवन खडकाच्या आत शिरले आहे : वालुकाश्माच्या पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरवर, जेथे थोडा प्रकाश पोहोचतो आणि वारा पोहोचत नाही, तेथे सूक्ष्मजीवांचे हिरवे-काळे थर असतात. १९७० च्या दशकात ते उजेडात आले.

येथे मला एक चिंता व्यक्त करावीशी वाटते. ज्या कारणांसाठी शेवाळाला आणि पक्ष्यांना ही जमीन हवी असते, त्याच कारणांसाठी माणसांनाही ती हवी असते : पक्का पाया, गोडे पाणी, जहाज लागण्याजोगा किनारा. त्यामुळे अंटार्क्टिकातील बहुतेक केंद्रे याच अत्यल्प जमिनीवर एकवटली आहेत. लार्समान टेकड्यांचे क्षेत्र ४० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि तेथे भारताच्या ‘भारती’बरोबर चीन आणि रशिया यांचीही केंद्रे आहेत. तेथील शेवाळाच्या एका गादीवर पाऊल पडले तर तो ठसा भरून यायला दशके लागतात. १९९१ चा माद्रिद करार १९९८ पासून अमलात आहे. त्याने खनिजांसाठी खोदकामाला बंदी घातली आणि कचरा परत नेण्याचे बंधन घातले. भारतानेही २०२२ मध्ये स्वतःचा अंटार्क्टिक कायदा केला. हे नियम कागदावर पुरेसे कडक आहेत. ‘मैत्री’ची जागा घेणारे नवे केंद्र उभारताना ते प्रत्येक खांबागणिक पाळले जावेत, अशी माझी मनापासून अपेक्षा आहे.

प्रश्न : ‘२०५० पूर्वी आर्क्टिक बर्फमुक्त होईल’ असे वाचतो. म्हणजे हिवाळ्यातसुद्धा तेथे अजिबात बर्फ नसेल का? (बँक कर्मचारी, नागपूर)

उत्तर : नाही. शास्त्रज्ञ हा शब्दप्रयोग एका ठरावीक अर्थाने करतात : सप्टेंबरात, जेव्हा समुद्रावरचा बर्फ वर्षातील किमान पातळीवर असतो, तेव्हा त्याचा विस्तार १० लाख चौरस किलोमीटरच्या खाली जाणे. ग्रीनलँडच्या आणि कॅनडाच्या उत्तर किनाऱ्याला चिकटलेला जाड बर्फ त्यानंतरही काही काळ राहील, म्हणून ही मर्यादा धरली आहे. आतापर्यंतचा नीचांक सप्टेंबर २०१२ मधील असून तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरचा होता. हिवाळ्यात समुद्र पुन्हा गोठतच राहील, मात्र तो बर्फ एका वर्षाचा आणि पातळ असेल.

प्रश्न : अंटार्क्टिकातील उघडी जमीन पुढे वाढणार असेल, तर तेथे कधी पीक घेता येईल का? (द्राक्ष बागायतदार, तासगाव)

उत्तर : जमीन वाढण्याचा अंदाज खरा आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, तापमानवाढ सर्वाधिक राहिल्यास या शतकाच्या अखेरीपर्यंत १७,००० चौरस किलोमीटरहून अधिक नवी जमीन उघडी पडू शकते, आणि तीही मुख्यतः दक्षिण अमेरिकेच्या दिशेला असलेल्या अंटार्क्टिक द्वीपकल्पावर. परंतु ती जमीन म्हणजे आपल्याकडची शेतजमीन नव्हे. खडकाचा भुगा, क्षार आणि गोठलेले पाणी यांच्यात सेंद्रिय अंश जवळजवळ नसतो. माती तयार व्हायला लागणारी मुळे, गांडुळे आणि कुजणारा पालापाचोळा तेथे नाही. शिवाय उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा, तोही गोठणबिंदूच्या आसपास रेंगाळणारा असतो.

पीक घेता येत नाही म्हणून बाहेरचे काहीच तेथे रुजणार नाही, असे मात्र समजू नये. आपल्या हिरवळीत आढळणाऱ्या गवताच्या जातीची एक बहीण, पोआ अ‍ॅन्युआ, १९८० च्या दशकात किंग जॉर्ज बेटावरील पोलंडच्या केंद्राजवळ उगवली आणि तेथून पसरू लागली. ती माणसांच्या सामानाबरोबर आली होती. अंटार्क्टिकाच्या स्वतःच्या फुलझाडांच्या जाती केवळ दोन आहेत, एक गवत आणि एक पर्लवर्ट हे बुटके, उशीसारखे वाढणारे झुडूप. उघडी जमीन जसजशी वाढेल आणि तिचे विलग तुकडे एकमेकांना जोडले जातील, तसतसा अशा आगंतुक बियांना रस्ता मिळेल. म्हणूनच मोहिमेवर जाणाऱ्यांना बुटांचे तळ, खिशांच्या शिवणी आणि पिशव्यांचे बंद घासून स्वच्छ करावे लागतात, आणि निर्जंतुक न केलेली माती तेथे नेऊ नये असा माद्रिद करारातला नियम आहे. केंद्रांवर ताज्या भाजीसाठी जी थोडी रोपे वाढवली जातात, ती बंद खोलीत, कृत्रिम प्रकाशाखाली आणि मातीविना, पोषणद्रव्ये मिसळलेल्या पाण्यावर वाढवतात.